तांबडा-पांढरा

शर्वाणीनं फोटो पाठवला :
ओकच्या खोडावर दोन पट्टे,
वर पांढरा, खाली तांबडा,
वीतभर लांब.
बाबा, हे दिसलं की समजायचं, वाट बरोबर आहे.
मागे एक मोडका बुरूज,
दोर नसलेल्या घंटेचं चॅपल,
गवतात पालथं पडलेलं पाणचक्कीचं जातं.
त्या सगळ्यांना शिवून वाट जाते म्हणाली,
आणि चुकीच्या फाट्यावर
त्याच दोन रंगांत फुली असते.

मला फुलीचंच नवल वाटलं.
चौतीस वर्षं भूमी अभिलेखात नकाशे काढले,
बांध, नाले, गावठाण, पांदण.
शाईनं इतक्या वाटा ओढल्या,
पण ‘इकडे नाही’
असं कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

झिरो माइलच्या दगडावर मैल कोरलेत,
छिंदवाडा, जबलपूर, हैदराबाद.
तिचं गाव त्यात कुठून असणार.
पौषातल्या रविवारी
मी दोन डबे ऑइलपेंट घेतला, एक इंची ब्रश,
आणि हिरामण डोंगरवारला म्हटलं, चल.
काटोल नाक्यावर तर्री-पोहे खाताना तो म्हणाला,
जुनापाण्याच्या दगडांना रंग लावशील
तर सरकार तुला आतून रंगवील.
दगडांना नाही रे, मी म्हटलं,
दगडांपर्यंत.

पहिला पट्टा पळसावर,
दुसरा विजेच्या खांबावर,
तिसरा तेंदूवर, तो जरा तिरपा आला.
बोरं पिकली होती. हिरामण प्रत्येक झुडपाशी थांबे
आणि खिसे फुगवी.
तासाभरानं गवतातून ते वर आले,
दगडांचे गोल.
एक, मग शेजारी दुसरा, मग मोजणं सुटलं.
कोणीतरी कोणालातरी मातीत ठेवलं
आणि भोवती दगड मांडले
आणि निघून गेलं. कोणत्या वाटेनं?
काही दगडांवर वाटीएवढे खळगे होते.
त्यांत बोट फिरवलं. गार.
शेजारी निळ्या पाटीवर
कुणी सचिननं कुणा पिंकीला कोरलं होतं.

‘कायचे पट्टे वढून राह्यले जी तुमी?’
सुगंधा उईके.
डोक्यावर काटक्या, मागं नऊ शेळ्या.
सांगितलं : वाट समजावी म्हणून.
‘कोनाले?’
जो येईल त्याला.
‘जो येते त्याले मालूम रायते.
अन् ज्याले मालूम नाही थो येतेच काहून?’
हिरामण इतका हसला
की त्याची बोरं सांडली.
मी विचारलं, हे गोल कशाचे?
‘राक्षसायचे खळे. आमचा आजा सांगे.
धान गेलं, खळे राह्यले.’
मग तिनं सांडलेली बोरं वेचली,
अर्धी हिरामणला दिली
आणि गेली.

परतताना आम्ही चुकलो.
माझेच पट्टे मला सापडेनात.
बहुतेक मी ते झाडाच्या एकाच अंगाला काढले होते,
जाणाऱ्यासाठी.
येणाऱ्याचा विचार
चौतीस वर्षांत कधी करावा लागला नव्हता.
एका फाट्यावर वाटलं, इथे फुली हवी,
डबा उघडला,
पण कोणत्या वाटेवर काढायची तेच ठरेना.
टॉवरच्या तारा धरून
विटभट्टीमागून निघालो
आणि डांबरी रस्त्याला लागलो,
पाहिजे होतं त्याच्या दोन किलोमीटर पुढे.

तिथे पुन्हा तीच बाई, त्याच शेळ्या,
आमच्या कितीतरी आधी पोचलेल्या.
आणि त्यातल्या एका काळीच्या कुशीला
वर पांढरा, खाली तांबडा,
जरा फरकटलेला, पण वीतभर.
ओल्या तेंदूला अंग घासलं असणार.
सुगंधाबाई मला रागावेल म्हणून
मी आधीच ब्रश पाठीमागे धरला.
ती म्हणाली, ‘बरं झालं,
बजारात वळखू येइल.’

मी त्या शेळीचा फोटो काढला.
नीट उभी राहीना, दोनदा हलला.
शर्वाणीला पाठवला तेव्हा तिच्याकडे दुपार असावी.
लगेच उत्तर आलं :
बाबा, ही वाट कुठे जाते?
तोवर शेळी रस्ता ओलांडून
कोणाच्या तरी तुरीत शिरली होती.